छतातली पट्टी आणि तिच्यामागचा डबा

संध्याकाळी सात-साडेसातला एखाद्या नव्या सोसायटीच्या आवारातून वर पाहिलं, तर बऱ्याच घरांच्या छताला उजेडाची झालर लागलेली दिसते. पीओपीची फॉल्स सीलिंग, तिला चारी बाजूंनी खाच आणि त्या खाचेत चिकटवलेली एलईडीची पट्टी. घर नवं असेतो हा प्रकार देखणा दिसतो. दोन-तीन दिवाळ्या उलटल्या की झालर विटू लागते. एका भिंतीकडचा उजेड मंदावतो, कोपऱ्यात बोटभर काळोख पडतो, एखादा तुकडा मनाला येईल तेव्हा लुकलुकतो. मग घरमालक दुकानदाराला बोल लावतो, दुकानदार वायरमनला आणि वायरमन ‘चायना माल’ला. माझं म्हणणं असं की यातला बराचसा दोष पट्टीच्या माथी मारण्यासारखा नसतोच. तो पट्टीला वीज देणाऱ्या डब्याचा, मधल्या वायरीचा, पट्टीच्या पाठीला मिळालेल्या किंवा न मिळालेल्या धातूचा असतो. आपण मात्र दुकानात उभे राहून भाव विचारतो तो पट्टीचा, तोही मीटरचा. या साऱ्या खरेदीचा क्रमच उलटा लागलेला आहे.

आधी ही पट्टी म्हणजे आहे काय, ते पाहू. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली भरपूर उजेडाची निळी एलईडी बाजारात आणण्याजोगी केली. त्या कामासाठी त्यांना इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरात दिसणारा पांढरा उजेड त्या निळ्याचाच अवतार आहे. निळ्या चिपवर फॉस्फरचा पिवळसर थर दिलेला असतो, तो थोडा निळा प्रकाश गिळून त्याचा पिवळा-तांबडा करतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. रिळावर ‘२८३५’ किंवा ‘५०५०’ असा आकडा छापलेला असतो. तो वॅट नाही की दर्जा नाही, चिपचं माप आहे: २.८ बाय ३.५ मिलिमीटर किंवा ५ बाय ५ मिलिमीटर. नेहमीच्या १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचा एकेक गट असतो, तिघी एकापाठोपाठ जोडलेल्या आणि सोबत एक छोटा रेझिस्टर. म्हणून पट्टी कुठेही कापता येत नाही. तांब्याचे ठिपके आणि कात्रीची खूण जिथे आहे, तिथेच कापायची. आणि म्हणूनच एक एलईडी तुटली की तिघी एकदम विझतात. कोपऱ्यातला तो बोटभर काळोख हाच.

आता त्या गटाचा हिशेब जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यात दडलंय. एका पांढऱ्या एलईडीला ढोबळमानाने ३ व्होल्ट लागतात. तिघींचे झाले ९. बारातले उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि प्रवाह किती वाहायचा ते त्या तीनांवर ठरतं. समजा, वायरीत आणि पट्टीच्या पातळ तांब्यात एक व्होल्ट वाटेतच खर्च झाला. दाब कमी झाला बाराव्या हिश्शाने, पण रेझिस्टरच्या वाट्याला तीनऐवजी दोनच उरले. प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने घटला आणि त्याच्यामागून उजेडही. ठिबकची नळी फार लांब ओढली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पोचतं, तसाच हा प्रकार, फक्त इथे घट अधिक झपाट्याने होते. हा एक व्होल्ट खर्च व्हायला फार काही लागतही नाही. ५ मीटरच्या रिळाला मीटरमागे १४.४ वॅट धरले तर एकूण ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. एवढा प्रवाह एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीतून ५ मीटर नेला, जायची आणि यायची मिळून दहा मीटर, तर नेमका व्होल्टभर दाब तिथेच संपतो. पट्टी अजून सुरूच व्हायची आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तर त्याहून बारीक वायर ओढलेली असते, कारण ‘बारा व्होल्टच तर आहेत’.

हीच पट्टी २४ व्होल्टची घेतली तर तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो, म्हणून वाटेतली घटही निम्मी, अर्धा व्होल्ट. गटात सहा एलईडी असतील तर त्यांचे १८ व्होल्ट वजा जाऊन रेझिस्टरवर ६ राहतात आणि सहातला अर्धा गेला तर उजेड कमी होतो तो साधारण आठ टक्क्यांनी. एक तृतीयांश कुठे आणि आठ टक्के कुठे! दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो. मग दुकानात १२ व्होल्टचीच का पुढे केली जाते? सवयीने, आणि मोटारी-दुचाकींच्या सजावटीत तीच चालते म्हणून. शोकेसमध्ये किंवा देवघरात हातभर तुकडा लावायचा असेल तर १२ व्होल्ट खुशाल घ्यावी, तिथे ती लहान लहान मापात कापताही येते. खोलीभर फिरवायची असेल तर २४ मागावी. आणि ५ मीटरपुढे एकाला एक शेपूट जोडत नेऊ नये. प्रत्येक रिळाला डब्यापासून स्वतंत्र वायर द्यावी किंवा मधोमध वीज सोडावी. हे करायला वायरमनला अर्धा तास जास्त लागतो आणि तेवढ्यासाठीच ते टळतं.

डबा म्हणजे ड्रायव्हर, आपल्याकडचे वायरमन ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात तो. २३० व्होल्टच्या घरच्या विजेचे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करणारा हा भाग सगळ्यात कष्ट करतो आणि खरेदीत सगळ्यात शेवटी आठवतो. पट्टी ७२ वॅटची असेल तर डबा ७२चा घेऊन भागत नाही. वीस-पंचवीस टक्के मोकळीक ठेवून तो ९०-१०० वॅटचा असावा. त्याच्या पोटात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात आणि त्यांचं आयुष्य तापमानावर ठरतं: दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्म्यावर, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात स्लॅब आणि पीओपी यांच्यातल्या बंद पोकळीत, काठोकाठ भार टाकलेल्या डब्याचं काय होत असेल, याचा विचार करावा. त्यात जाळीचा पत्र्याचा डबा उघडाच ठेवलेला असेल तर त्यात मुंग्या शिरतात, पाल शिरते, आणि २३० व्होल्टच्या स्क्रूंना कुणीही चिकटू शकतं. घरात बंद आवरणाचाच ड्रायव्हर घ्यावा. अशा ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्याच्या लेबलवर आयएस १५८८५ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर दुकानातच तपासता येतो. मुंबईची लोहार चाळ असो की पुण्याची तपकीर गल्ली, हे विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला थोडं तापदायक वाटतं खरं, पण माल त्याला आतून दुसरा काढावा लागतो.

डबा कुठे ठेवायचा, हा प्रश्न डब्याच्या दर्जाइतकाच मोठा आहे. तो जिथे हात पोचेल तिथे हवा: माळ्यावर, कपाटाच्या माथ्यावर, टीव्ही युनिटच्या मागे किंवा छतात ठेवायचाच तर एका झाकणाखाली. यावर इंटिरियर करणारे हमखास कुरकुरतात, की स्वच्छ पांढऱ्या छताला चौकोनी झाकण वाईट दिसतं. दिसतं, नाकारत नाही. पण ड्रायव्हर कधी ना कधी जाणारच आहे, पट्टीच्या आधी जाणार आहे, आणि त्या दिवशी झाकण नसेल तर पीओपी फोडावं लागेल. फोडलेल्या पीओपीला जोड मारला आणि पुन्हा रंग दिला, तरी तो तुकडा कायम वेगळा दिसतो. त्यापेक्षा झाकण बरं.

‘एलईडी तापत नाही’ हा समज कसा रुजला, ते समजण्यासारखं आहे. जुन्या पिवळ्या बल्बला हात लावला की चटका बसायचा, कारण त्याची उष्णता उजेडाबरोबर पुढेच फेकली जायची. एलईडीच्या उजेडात ती जवळपास नसते. पण घेतलेल्या विजेपैकी अर्ध्याच्या आसपास किंवा जास्तच वीज तिथेही उष्णताच होते आणि ती चिपच्या पाठीमागून बाहेर पडू पाहते. पाठीमागे काय असतं? रंगवलेलं पीओपी किंवा सनमायका, दोन्ही उष्णता धरून ठेवणारे. चिप तापत राहिली की फॉस्फर उतरतो, उजेडाचा रंग बदलतो आणि मागचा दुतोंडी टेप सुटून पट्टी लोंबायला लागते. पीओपीवर आणि डिस्टेंपरवर तो टेप तसाही धड धरत नाही, कारण त्यांची भुकटी सुटते. उपाय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची खाचेची पट्टी, जिला बाजारात ‘प्रोफाइल’ म्हणतात. ती स्क्रूने बसते, उष्णता शोषून हवेत सोडते आणि वरच्या दुधी झाकणामुळे ठिपके दिसत नाहीत. खोक्यावरचे ‘५०,००० तास’ म्हणजे रोज पाच तास धरले तर सत्तावीस वर्षं. पण तो आकडा ‘त्यानंतर बंद पडेल’ असं सांगत नाही. सहसा त्याचा अर्थ ‘तोवर उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर आलेला असेल’ असा असतो, आणि तोही चिप ठरलेल्या तापमानाखाली राहिली तर. अ‍ॅल्युमिनियमशिवाय तो वायदा तुम्हाला लागूच होत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एवढा खटाटोप, पट्टीपेक्षा जास्त पैसे प्रोफाइलला आणि ड्रायव्हरला, मग साधी ट्यूब काय वाईट? खोलीभर सरसकट उजेड हवा असेल तर काहीच वाईट नाही. उलट छताच्या खाचेतली झालर हा उजेड मिळवण्याचा उधळा मार्ग आहे. मध्यम खोलीला बारा मीटर पट्टी लागली आणि ती १४.४ वॅटची असली, तर झाले १७० वॅटच्या वर; दोन साध्या पंख्यांहून जास्त. रोज पाच तास लावली तर महिन्याला सव्वीस युनिट. त्यातला बराच उजेड छतावर आपटून, खाचेच्या कठड्यावर अडून मग खाली येतो. त्याच खोलीत २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब वाचण्याइतका उजेड देतात. २०१५ पासून ‘उजाला’ योजनेतून स्वस्त बल्ब घरोघर गेले, साठ वॅटच्या जागी नऊ वॅट आले आणि ‘एलईडीला वीज लागतच नाही’ अशी एक समजूत पक्की झाली. ती एका बल्बापुरती ठीक आहे, मीटरच्या मापाने विकल्या जाणाऱ्या एलईडीला लावून चालत नाही. छताला झालर हवीच असेल तर मीटरमागे पाच-सात वॅटची पुरते, खाचेतून छतापर्यंत निदान वीतभर मोकळी जागा सोडावी, नाहीतर उजेड न पसरता पांढरा पट्टा उमटतो, आणि डिमर लावावा.

पट्टीचं खरं काम दुसरीकडे आहे. जिथे दिवा लांबट हवा, जवळ हवा आणि स्वतः दिसायला नको, तिथे तिला तोड नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण स्वयंपाकघराचा ओटा. छताची ट्यूब ओट्यापाशी उभ्या माणसाच्या पाठीमागे असते, म्हणजे भाजी चिरताना विळीवर किंवा सुरीवर नेमकी स्वतःचीच सावली पडते. घराघरांतून ही गैरसोय वर्षानुवर्षं कुणी बोलून न दाखवता सोसली गेली आहे, आणि ती दूर करायला दीड-दोन मीटर पट्टी पुरते. मात्र तिची जागा चुकवू नये. ओटा साधारण दोन फूट खोल, वरचं कपाट एक फूट. सुतार सवयीने पट्टी कपाटाखाली मागच्या भिंतीला लावतो, मग टाइल्स झळाळतात आणि काटणपाट अंधारातच राहतो. ती कपाटाच्या पुढच्या कडेला, छोट्या पट्टीच्या आडोशाने लावावी. तिथून उजेड ओट्याच्या मधोमध पडतो. ओटा काळ्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा असेल तर आणखी एक गोष्ट घडते: सुट्या एलईडींचा प्रत्येक ठिपका दगडात आरशासारखा उमटतो आणि डोळ्यांत टोचतो. अशा ठिकाणी ‘सीओबी’ पट्टी घ्यावी. तिच्यात चिप इतक्या दाट बसवून वर सलग फॉस्फर ओतलेला असतो की रेघ अखंड दिसते. फोडणीचं तेल उडून उघड्या पट्टीवर धुळीचा चिकट थर बसतो, तोच दुधी झाकणावर बसला तर फडक्याने पुसता येतो. शेगडीच्या बरोबर वर पट्टी नेऊच नये, आणि देवघरात निरांजनाच्या ज्योतीच्या डोक्यावरही.

अशीच आणखी एक जागा, जिचा विचार फार कमी घरं करतात: पलंगाखालची कड. मीटरमागे दोन-तीन वॅटची पिवळसर पट्टी आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांना पाय जमिनीवर ठेवताच वाट दिसते, डोळे दिपत नाहीत आणि बाकीच्यांची झोप मोडत नाही. छताच्या झालरीपेक्षा हे कितीतरी स्वस्तात होतं.

रंगाबद्दल आपल्याकडे एक जुनी ओढ आहे: जितका पांढरा तितका जास्त उजेड. त्यामुळे ६५०० केल्विनची निळसर पट्टी घरभर लागते आणि मग ‘दवाखान्यासारखं वाटतं’ अशी तक्रार येते. झोपायच्या आणि बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन, ओट्यावर ४००० बरं. पण केल्विनपेक्षा सीआरआय हा आकडा मोलाचा आहे. उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, आणि स्वस्त पट्टीवर तो छापलेलाच नसतो. ८०च्या खाली मुळीच घेऊ नये, ओट्यावर आणि आरशाजवळ ९० हवा. कमी सीआरआयच्या उजेडात टोमॅटोची लाली आणि साडीचा कुंकवाचा रंग दोन्ही मळकट दिसतात, कारण अशा फॉस्फरमध्ये तांबडं कमी पडतं. रिमोटवर सोळा रंग बदलणाऱ्या पट्टीबद्दल एवढंच, की तिच्यातला पांढरा हा लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला जुगाड असतो. तिच्या उजेडात राहायचं असेल तर वेगळी पांढरी चिप असलेली घ्यावी.

‘ड्रायव्हरचं झंझटच नको, थेट २३० व्होल्टवर चालणारी रोप लाइट लावू,’ हा सल्ला वायरमन मनापासून देतो आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे. पन्नास मीटर ओढा, मंदावत नाही, डबा नाही, भाव कमी. दिवाळीत गॅलरीच्या कठड्याला किंवा मंडपाच्या कमानीला ती ठीक. कायमची घरात मात्र नको. ती सहसा मीटर-मीटरच्या तुकड्यांतच कापता येते, त्यामुळे कोपरा गाठताना शेपूट उरतं. तिच्यातल्या साध्या जोडणीमुळे उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला थेट कळत नाही, पण मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं की पट्टे सरकताना दिसतात, आणि काहींचं डोकं याच लुकलुकीने दुखतं. मुख्य म्हणजे तिच्या प्लॅस्टिकला चीर गेली की आतली तार थेट घरच्या विजेची असते. चांगल्या, विलग केलेल्या ड्रायव्हरच्या पुढचे २४ व्होल्ट ओल्या हाताला लागले तरी जीवावर बेतत नाही. ओट्याजवळ हा फरक सोडून देण्याजोगा नाही. गणपतीच्या कागदी-कापडी मखरातही नाही, आणि तिथे कुठलीही पट्टी असो, उरलेलं रीळ गुंडाळलेलंच चालू ठेवू नये. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ते आतल्या आत भाजत राहतं.

तेव्हा क्रम असा लावावा, की उजेड कशावर पडायला हवा ते आधी, डबा कुठे बसेल आणि त्याला हात कसा पोचेल ते मग, त्यानंतर वायरीची जाडी आणि प्रोफाइल, आणि रीळ सगळ्यात शेवटी. पीओपीवाला येण्याआधी वायरमनने वायरी टाकलेल्या असाव्यात. जोड डाग देऊन करायला सांगावेत. चिमट्याचे जोड पटकन होतात आणि तितक्याच पटकन सैल पडतात. ते लुकलुकणारे तुकडे बहुधा त्यांचीच देणगी. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणून तिथे घरातसुद्धा सिलिकॉनच्या आवरणातली आयपी ६५ पट्टी घेणं परवडतं. सगळं जोडून झालं की छत बंद करण्याआधी पट्टी दोन-तीन तास सलग पेटती ठेवावी, डब्याला हात लावून पाहावा आणि पट्टीची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून उजेड सारखा आहे का ते बघावं. बंद करताना ड्रायव्हरवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवावा, आणि त्याच रिळातला मीटरभर तुकडा बाजूला काढावा. दुसऱ्या खेपेच्या मालातला ३००० केल्विन याच्याशी जुळेलच असं नाही, आणि चार वर्षांनी तीन एलईडी गेल्या तर ठिगळ लावायला तोच तुकडा लागेल.